आधी ऊन बघितलं, मग झाडं आणली

आमचं घर ठाण्यात, तिसरा मजला, हॉलला दक्षिणेकडे बाल्कनी आणि किचनच्या उत्तरेकडच्या खिडकीला बाहेर काढलेली ग्रिल. बस, एवढीच जागा. यात मोगरा, शेवंती, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता, टोमॅटो, मेथी, अळू, हळद, ओव्याची पानं, गवती चहा असं सगळं आलटून पालटून चालू असतं. घरी आलेलं कोणीही पहिला प्रश्न हाच विचारतं की आम्हाला सोपं झाड सांग, कुठलं आणू? मला खरंच मनापासून वाटतं की झाडाचं नाव नंतर, आधी तुमच्या घरात ऊन कुठे पडतं, किती वेळ पडतं आणि कुठल्या महिन्यात पडतं ते बघा. या तिसऱ्या गोष्टीकडे तर कोणाचंच लक्ष नसतं, आणि फ्लॅटमधली निम्मी झाडं त्यापायीच जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

हे घर आम्ही डिसेंबरात बघितलं होतं. ऊन बाल्कनी ओलांडून हॉलमध्ये सोफ्यापर्यंत आलेलं, एजंट म्हणाला मॅडम बघा काय प्रकाश आहे. खोटं नव्हतंच ते. राहायला आल्यावर मी एक काम सुरू केलं, महिन्यातून एका रविवारी सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला ऊन जिथपर्यंत आलंय तिथे टाइल्सवर खडूने रेघ मारायची आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. फेब्रुवारीत बाराची रेघ हॉलच्या उंबऱ्याच्या बाहेर गेली. मार्चअखेर बाल्कनीच्या मध्यावर आली, एप्रिलमध्ये फक्त कठड्याला चिकटून वीतभर पट्टा राहिला आणि मे अर्धा संपला तसा तोही गेला. म्हणजे बाहेर रणरणतं ऊन, अंग भाजतंय, आणि माझ्या दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन शून्य! उलट किचनच्या ग्रिलवर, जिथे वर्षभर सावली म्हणून फक्त मनी प्लांट ठेवतात, तिथे सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन यायला लागलं.

कारण तसं शाळेतल्या भूगोलाचंच आहे पण घराला लावून बघायचं डोक्यात येत नाही. ठाणं-मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि तिथून पुढे उत्तरेला सरकतो तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परत डोक्यावर येऊन दक्षिणेला जातो. मधले अडीच महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. आणि डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालासुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर, म्हणून तर वरच्या मजल्याचा स्लॅब असूनही ऊन आतपर्यंत घुसतं. पुण्यात, नाशकात तारखा थोड्या मागेपुढे होतील, बाकी हिशोब हाच. पूर्वेची किंवा पश्चिमेची बाल्कनी असेल तर प्रकरण वेगळं, तिथे वर्षभर अर्धा दिवस ऊन मिळतंच, फक्त पश्चिमेचं एप्रिल-मे मधलं ऊन कोवळी पानं करपवतं तेव्हा तिथे हिरवी नेट लागते.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, प्रयोग परिवारवाले (स्वतः प्रयोग करून एकमेकांकडून शिकणाऱ्या शेतकऱ्यांचा गट), त्यांच्या सगळ्या मांडणीत सूर्यप्रकाश मध्यभागी होता. जमिनीवर पडणारं ऊन पानांनी किती झेललं यावर पीक ठरतं, म्हणून ऊन मोजायला शिका असं ते शेतकऱ्यांना सांगायचे. एकरभर द्राक्षबागेला लागू होणारी गोष्ट चार फुटांच्या बाल्कनीला तर जास्तच लागू होते कारण इथे उनाशिवाय बाकी सगळं विकत आणता येतं.

तर मी सरळ वर्षाचे दोन भाग केले. ऑक्टोबर ते मार्च बाल्कनी म्हणजे उनातली झाडं, मे ते सप्टेंबर बाल्कनी म्हणजे सावलीतली आणि पावसाची झाडं. कुंड्या त्याच, जागा तीच, आत लावायचं ते बदलतं, आणि कायमची झाडं जी आहेत ती गरजेप्रमाणे कठड्याजवळ किंवा आत सरकवते.

मातीचं थोडक्यात सांगते. नुसती लाल माती भरू नका, आपल्याकडची लाल माती कुंडीत दोन-तीन महिन्यांत घट्ट बसते, पाणी वरच्या वर कडेने निघून जातं आणि मुळं कोरडीच. मी एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कुंडीमागे मूठभर नीमपेंड असं करते. कोकोपीटची वीट भिजवून एकदा पिळून पाणी फेकायचं कारण त्यात बरेचदा खार असतो. ग्रिलवर तर वजनाचाही प्रश्न आहे, ओली माती भयंकर जड होते आणि ग्रिल ही भिंतीत ठोकलेल्या चार बोल्टवर उभी असते, म्हणून तिथे फक्त हलक्या मिश्रणाच्या लहान कुंड्या. मोठी कुंडी ग्रिलवर ठेवूच नये, खाली माणसं चालतात.

नर्सरीत जायचं तर घोडबंदर रोडला रांगेने आहेत, तिथे फिरायलाही छान वाटतं. पण तिथे बघायचं काय तर फुलं नाही, पानाची मागची बाजू. पांढरा कापूस, चिकटपणा, बारीक जाळी काहीही दिसलं तर ती कुंडी खाली ठेवायची. मग पिशवीच्या तळाच्या भोकातून मुळं बाहेर आलीत का बघायचं, खूप गुंता बाहेर आलेला असेल तर ते झाड कधीपासून त्याच पिशवीत अडकलंय समजायचं. फुलांनी लगडलेल्यापेक्षा भरपूर फुटवा आणि कळ्या असलेलं बुटकं झाड घ्यायचं. आपल्याकडे येणारी बरीचशी रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात, राजमहेंद्रीजवळ नर्सऱ्यांचं गावच आहे ते, आणि बऱ्याच रोपांना चिकट मातीचा गोळा असतो. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला तर बाहेरची माती ओली आणि गोळा कोरडा असं होतं, म्हणून मी आधी थोडा वेळ पाण्यात ठेवून कडेची माती हलक्या हाताने मोकळी करते. आणि आणल्याबरोबर उन्हात नाही ठेवायचं, आठवडाभर बाकीच्या झाडांपासून लांब सावलीत, कीड असेल तर तेवढ्यात दिसते.

आता हिवाळ्याची बाल्कनी. सुरुवात करायची असेल तर समुद्र मेथीने करा, मी सगळ्यांना हेच सांगते. मुंबईत बाजारात त्या इवल्याशा जुड्या मिळतात ना, मुळासकट, वाळूचे कण लागलेल्या, तीच. किनाऱ्यालगतच्या वाळूत दाट पेरतात ती. घरातलीच मेथी रात्रभर भिजवायची, पसरट ट्रेमध्ये वाळू आणि कंपोस्टचा तीन बोटं थर, त्यावर दाणे दाट पसरायचे, वरून पातळ थर आणि पाणी शिंपडून. आठ-दहा दिवसांत दोन-दोन पानांची गादी तयार होते, मुळासकट उपटायची, धुवायची, लसूण आणि सुक्या मिरचीवर परतायची. चव थोडी कडू थोडी गोड, मोठ्या मेथीला ती येत नाही. मी एक ट्रे पेरला की चार दिवसांनी दुसरा पेरते म्हणजे चालू राहते.

टोमॅटोची रोपं सप्टेंबर संपताना करते आणि चेरी टोमॅटोच लावते. रात्रीचं तापमान उतरल्याशिवाय टोमॅटोला फळ नीट धरत नाही, फुलं येतात आणि गळतात, आणि आपल्या किनारपट्टीला रात्री थंड अशा डिसेंबर-जानेवारीतच मिळतात. त्यामुळे नेमकं तेव्हा झाड फुलावर असलं पाहिजे. बाल्कनीत वारा कमी असेल तर सकाळी फुलांच्या देठाला बोटाने टिचकी मारायची, पराग तिथल्या तिथे पडतो, मधमाशी नसली तरी फळ धरतं. बारा इंची कुंडीत एकच रोप, दोन लावायचा मोह होतो पण नको.

शेवंतीची गंमत मात्र सांगायलाच हवी. एकाच दिवशी आणलेल्या दोन कुंड्या, एकाच रंगाच्या. पहिल्या वर्षीची फुलं झाल्यावर छाटून ठेवल्या आणि पुढच्या हिवाळ्याला बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यातली फुलांनी भरली, दुसरी जी कठड्यावर होती ती नुसती हिरवीगार, एक कळी नाही. खत तेच, पाणी तेच, ऊन तर कठड्यावर जास्तच. मग लक्षात आलं की कठड्यावर समोरच्या रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडतो. शेवंतीला कळी धरायला मोठी, सलग काळोखी रात्र लागते, मध्ये उजेड आला की तिच्या हिशोबाने रात्र झालीच नाही. ती कुंडी आत सरकवली आणि काही आठवड्यांनी तिलाही बारीक हिरव्या गुंड्यांसारख्या कळ्या लागल्या, जरा उशिरा पण लागल्या. ऊन बघायचं म्हणते तसं अंधारही बघावा लागतो.

मोगऱ्याला फेब्रुवारीत छाटते, फांद्या तिसऱ्या हिश्श्याने कमी करते आणि जुनी पानं ओरबाडून काढते, थोडे दिवस पाणी कमी करते, मग शेणखत आणि भरपूर पाणी. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते त्यामुळे छाटणी नाही तर फुलं नाहीत. माझ्या बाल्कनीत मार्च-एप्रिलमध्ये बहर असतो आणि मेमध्ये ऊन गेल्यावर कमी होतो, ते मी मान्य केलंय, त्या महिना-दीड महिन्यात रोज ओंजळभर मिळतात आणि सासूबाई पाण्याच्या माठात दोन टाकतात.

पावसाळ्याची बाल्कनी ही खरं म्हणजे सासूबाईंचीच. त्या गुहागरकडच्या, माहेरच्या परसात सगळं होतं. मेमध्ये बाल्कनीतलं ऊन गेलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "आई, आता इथे काही होणार नाही बहुतेक, चार महिने नुसत्या कुंड्या राहतील." तर त्या म्हणाल्या, "अगं, सावलीतलं लाव की. अळवाला ऊन कशाला हवंय? आमच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर यायचं ते." आणि गावाहून येणाऱ्या भाच्याला फोन करून काळ्या देठाच्या वडीच्या अळवाचे कंद आणि हळदीचे कंद मागवले.

अळूला पसरट टब आणि सतत ओलावा एवढंच लागतं. बाहेरची मोठी पानं कापायची आणि मधली दोन कोवळी कायम ठेवायची, मग गणपतीपर्यंत वड्यांना पानं पुरतात. खाज म्हणाल तर ती त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे, म्हणून चिंच किंवा आमसूल हवंच आणि चिरताना हाताला तेल.

हळद मात्र माझी सगळ्यात लाडकी झाली. अक्षय्य तृतीयेच्या आसपास कंद लावायचा, डोळा वर करून, दोन इंच खोल. महिनाभर काहीच दिसत नाही, लोक कंटाळून त्या कुंडीत दुसरं काहीतरी लावतात, तसं करू नका. मग एक गुंडाळलेलं पोपटी पान सुरळीसारखं वर येतं आणि पाऊस लागला की अक्षरशः आठवड्याला नवीन पान. दिसायला इतकं देखणं, रुंद, शिरांची नक्षी असलेलं पान आहे की नर्सरीत शोभेचं म्हणून विकतात तशी झाडं त्यापुढे फिकी पडतात. शोभेचं आणि खायचं असं वेगळं का करायचं, हळद दोन्ही आहे. नागपंचमीला आई त्या पानांच्या पातोळ्या करतात. पान धुऊन पुसून उताणं ठेवायचं, तांदळाच्या पिठाचं सरसरीत भिजवलेलं त्यावर बोटांनी पातळ सारवायचं, अर्ध्या भागात गूळ-खोबऱ्याचं चून, वेलची, मग पान मध्ये दुमडून मोदकपात्रात. दहा-पंधरा मिनिटांत झाकण काढलं की जो वास येतो, तो बाजारातून आणलेल्या शिळ्या पानांना नसतो. पान सोलून काढलं की पातोळीवर शिरांचे ठसे उमटलेले असतात, माझी मुलगी आधी तेच बघत बसते. खोड जानेवारीत पानं पिवळी पडून वाळली की उकरून काढायचं, थोडी ओली हळद लोणच्याला आणि थोडे कंद पुढच्या वर्षीसाठी कोरड्या मातीत.

सूर्य उत्तरेला असतो त्या अडीच महिन्यांत किचनच्या ग्रिलवर पुदिना आणि मायाळू. पुदिना बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या ग्लासात ठेवून मुळं फुटल्यावर लावला. मायाळूची भजी पावसात काय लागतात हे वेगळं सांगायला नको.

घरातल्या शोभेच्या झाडांबद्दल फार लिहीत नाही. स्नेक प्लांट, झेडझेड, सिंगोनियम, मनी प्लांट खिडकीपासून आत चार-पाच फुटांवर चांगली राहतात, फक्त पाणी कमी घाला. पण हवा शुद्ध करतात म्हणून जास्त पैसे देऊन घेऊ नका. त्याचा आधार म्हणून नासाचा १९८९ चा प्रयोग सांगतात, तो बंद पेटीत केलेला होता, खिडक्या उघड्या असलेल्या आपल्या घराला तो तसाच लागू होत नाही. दिसायला छान आहेत म्हणून आणा, ते कारण पुरेसं आहे. आणि लहान मूल किंवा मांजर असेल तर डिफेनबाखिया आणि कण्हेर नकोच. डिफेनबाखियाचं पान चावलं तर तोंड सुजतं आणि कण्हेर तर जिवावरचं विष आहे.

किडींमध्ये जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण सगळ्यात चिवट. मुंग्या झाडावर चढताना दिसल्या की समजायचं, कारण त्याचा गोड चिकट रस मुंग्यांना हवा असतो आणि त्याच त्याला सांभाळतात. जुना रंगाचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून प्रत्येक बेचक्यातून तो काढायचा, मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, संध्याकाळी फवारायचं, उन्हात नाही. आठवड्याने परत. एकदा करून सुटत नाही, अंडी राहिलेली असतात.

पण लिंबावरच्या अळ्यांना मी हात लावत नाही. पहिल्यांदा पानावर पक्ष्याची शिट पडलीय असंच वाटलं, काळपट आणि मध्ये पांढरा पट्टा. दुसऱ्या दिवशी शिट जागा बदलून दुसऱ्या पानावर! ती लाइम बटरफ्लायची अळी होती. मोठी झाल्यावर हिरवीगार होते, काडीने हलकेच स्पर्श केला की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लेक आणि मी रोज शाळेच्या आधी बघायचो, पानं फस्त होत होती, नवरा म्हणाला अगं झाड संपवतील या. नाही संपलं. अळी एका फांदीला धाग्याचा पट्टा बांधून कोशात गेली आणि एका सकाळी काळं-पिवळं फुलपाखरू कोशाला लटकून पंख वाळवत होतं. लिंबाला पुन्हा पालवी फुटलीच. राणी पाखरू म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ पासून आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, त्याच्याही अळ्या लिंबू वर्गातल्या झाडांवरच वाढतात, ते अजून आमच्याकडे आलेलं नाही, मी वाट बघतेय. कढीपत्त्यालाही हाच नियम, चार पानं त्यांची.

पाण्याबद्दल मात्र कडक राहा. कुंडीखाली थाळी ठेवलीच पाहिजे नाहीतर खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी, आणि थाळी ठेवली तर त्यात पाणी साचू द्यायचं नाही. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा सगळ्या थाळ्या कोरड्या पुसून काढते, मनी प्लांटच्या बाटल्यांचं पाणीही तेव्हाच बदलते. हे रविवारचं काम आमच्याकडे चुकत नाही. कबुतरांसाठी जाळी लावली, कोवळी रोपं उपटून टाकायची ती.

खत घरचंच. भोकं पाडलेल्या दोन बादल्या, भाजीची देठं-सालं, वर प्रत्येक वेळी मूठभर कोकोपीट किंवा सोसायटीतला सुका पाला, सुरुवातीला थोडं आंबट ताक. वास आला तर ओलं जास्त झालंय, सुकं टाकायचं, बाकी काही नाही. एक भरेपर्यंत दुसरी कुजते, दोन-अडीच महिने लागतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास किचनच्या कचऱ्यावरच अख्खी बाग उभी केली, ते वाचल्यावर मला बादलीचं बळ आलं.

आता आमच्या सोसायटीच्या गच्चीचा विषय काढलाय. तिथे ऊन बाराही महिने आहे, म्हणजे दोडका, तोंडली, गोकर्ण सगळं होईल. कमिटीला वॉटरप्रूफिंगची काळजी आहे आणि ती रास्त आहे, म्हणून माती स्लॅबवर अजिबात न टाकता विटांवर उभे ड्रम, त्यात वजनाने हलकं मिश्रण, आणि ड्रम भिंतीच्या आणि कॉलमच्या बाजूला अशी चित्रासकट चिठ्ठी लिहून दिलीय. सेक्रेटरी म्हणाले दसऱ्याआधी मीटिंगमध्ये घेऊ. तोवर तोंडलीच्या वेलाच्या काड्या खाली बाल्कनीत पिशव्यांमध्ये लावून ठेवल्यात, दोन काड्यांना फुटवा आलाय.